दुसऱ्या व्हायोलिनांत

मामाचं व्हायोलिन नेमकं कुठल्या गाण्यात आहे, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. आई राज कपूरच्या एका सिनेमाचं नाव घेते. त्याचं रेकॉर्डिंग आटोपून तो रात्रीच्या गाडीने थेट दिवाळीला नाशकात आला होता, एवढाच तिचा पुरावा. मोठ्या मावशीचा भर लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या एका गाण्यावर. मामीला विचारलं तर ती म्हणते, "सगळ्यांत आहे समज आणि ऐक." तिच्याकडे त्याच्या डायऱ्या आहेत. त्यांत तारीख, स्टुडिओ, सकाळ, दुपार की संध्याकाळ, संगीतकार आणि हाती पडलेले पैसे एवढंच असतं. 'मेहबूब. सकाळ. एल.पी.' 'फिल्म सेंटर. दुपार. एस.जे.', म्हणजे शंकर-जयकिशन. गाण्याचे शब्द कुठेच नाहीत, कारण ते वादकांसमोर नसायचेच. त्यांच्यापुढे नोटेशनचे कागद. सिनेमा कुठला, त्यात झाडाभोवती कोण फिरणार, हे पुष्कळदा पोस्टर लागल्यावर कळायचं, आणि तेव्हाही खात्रीने नाही.

रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, सिनेमाचं असे. तीस-चाळीस व्हायोलिनवाल्यांना तिथे जागा नव्हती आणि त्यांनी ती मागितल्याचंही मामाच्या बोलण्यात कधी आलं नाही. त्याची तक्रार वेगळीच असायची: खुर्च्या फार जवळ लावतात, गज शेजारच्याला लागतो.

गेल्या आषाढात तो गेला. तेव्हापासून मी ती गाणी उलटीकडून ऐकायला लागले आहे. मुखडा सोडून द्यायचा, अंतरा सोडून द्यायचा, मधल्या म्युझिकवर कान लावायचा. हेडफोन लावून, आवाज वाढवून, पुन्हा मागे नेऊन. व्हायोलिनांची लाट उठते, वर जाते, फुटते; त्यात एक माणूस वेगळा काढता येत नाही. यायलाही नको. त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, "मी वेगळा ऐकू आलो, तर त्या दिवशी माझं काहीतरी चुकलं म्हणून समज. टेक पुन्हा घ्यावा लागतो." त्या काळी अख्खं गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. गायक, तबला, सतार, व्हायोलिनं, सगळे एकदम. शेवटच्या ओळीवर एकाचा गज घसरला की पहिल्यापासून. मोठ्या गायिकेने घसा साफ करून पुन्हा उभं राहायचं, ते मागच्या रांगेतल्या कुणा नाव नसलेल्या माणसामुळे. अशी चूक कुणाची झाली हे सगळ्यांना कळे. चांगलं वाजवलेलं मात्र कुणाचं म्हणून कळत नसे.

ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांचे दोन गट असतात. पहिल्यांकडे धून. दुसऱ्यांकडे तिच्या खालून चालणारी ओळ. कधी धुनेला टेकू देणारी, कधी तिच्या उलट दिशेने उतरणारी, पुष्कळदा एकाच सुरावर बराच वेळ थबकून राहणारी. त्याखाली व्हायोला, मग चेलो, तळाशी डबल बास. दोन वादकांत एक स्टँड. श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या अंगाला बसलेला पान उलटतो, म्हणजे पान उलटण्यापुरता तो गप्प होतो आणि संगीत चालू राहतं. मामा दुसऱ्या व्हायोलिनांत, आणि तिथेही बहुतेक आतल्या अंगाला.

तिळभांडेश्वर गल्लीतल्या आमच्या आजोळच्या वाड्यात याचा काही उलगडा होणं कठीणच होतं. सुट्टीला आला की तो माडीवर सराव करायचा. खाली आजी वाती वळत बसलेली. वरून दोन सूर यायचे, मग शांतता. मग तेच दोन सूर, मग लांबलचक शांतता, त्यात त्याच्या पायाच्या अंगठ्याने मोजलेली मापं. मग चार सूर, ज्यांचा आधीच्या दोनांशी काही संबंध लागत नाही. आजीचा कान भजनावर, कीर्तनावर, देवळातल्या गाण्यांवर तयार झालेला. ती जिन्याशी येऊन विचारायची, "पुढचं विसरलास का रे?" आणि तो वरून ओरडायचा, "पुढचं दुसऱ्याकडे आहे गं!"

मग एकदा त्याने तिला खाली येऊन नीट समजावलं. दुसरं व्हायोलिन म्हणजे आमटीतला गूळ. आहे हे कुणाला दाखवता येत नाही, नसला तर पहिल्या घासाला कळतं. आजीला ते पटलं. तिची शंका एवढीच होती की गूळ घालायला इतकी माणसं कशाला लागतात.

तो व्हायोलिन शिकला देवळाली कॅम्पात. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे शिकवायचे. गावातून सायकलने नाशिक रोड, तिथून पुढे कॅम्प. उन्हाळ्यात पारशांच्या सॅनिटोरियमच्या भिंतींची सावली धरून. देवळाली हे त्या काळात नाशिकपासून अंतराने जवळ आणि बाकी सगळ्याने लांब होतं. तिथे बेकऱ्या होत्या, चर्च होतं, पियानो असलेली घरं होती, संध्याकाळी फिरायला निघालेल्या पारशी म्हाताऱ्या होत्या. मास्तरांनी पहिले कित्येक आठवडे गज हातात दिलाच नाही. आधी कागद वाचायचा, माप मोजायचं, आणि मुख्य म्हणजे गप्प कधी राहायचं ते शिकायचं. दुसऱ्या व्हायोलिनांत बसणाऱ्या माणसाची अर्धी विद्या हीच, हे त्या मास्तरांना तेव्हाच दिसलं होतं की काय कोण जाणे.

खरं तर नाशिकला संगीत नवं नाही. पंचवटीत विष्णु दिगंबर पलुसकरांचा रामनाम आधार आश्रम होता. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा, १९०८ मध्ये ते मुंबईत आणणारा हा माणूस शेवटी नाशकात येऊन राहिला, कारण मुंबईच्या इमारतीवर चढलेलं कर्ज फिटेना आणि ती लिलावात गेली. गाणं मिळवतं आणि इमारत खाते. १९३१ साली मिरजेला त्यांचं निधन झालं. त्यांची बारांपैकी अकरा मुलं गेली. एकटे दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, वाचले, ते डी. व्ही. पलुसकर म्हणून गाजले, १९५२ च्या 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर गायले, आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. पण त्यांची रेकॉर्ड लावली की पहिल्या आलापीला कळतं, हे बापूराव. गवई गेला तरी त्याचा गळा सापडतो. आमच्या गावात दुःख करायची जी पद्धत आहे ती या सापडण्यावर उभी आहे: पुण्यतिथी, समईशेजारी फोटो, एखादं ध्वनिमुद्रण, मग शिष्याचं गायन. मामासारख्यासाठी यातलं काय करायचं?

मामाला मात्र विष्णु दिगंबरांचा गळा महत्त्वाचा वाटायचा नाही. त्याला कौतुक होतं ते त्यांच्या घंटेचं. घंटा वाजली की वर्ग सुरू, दुसरी वाजली की संपला, सगळ्यांना सारखा पोशाख, छापलेली स्वरलिपी, जलशाचं तिकीट काढून ठरल्या वेळी येणारे श्रोते. "बुवांनी गवयांना रांगेत बसवलं," तो म्हणायचा. "सगळ्यात अवघड काम तेच."

मुंबईत तो गेला साठच्या दशकात. गिरगावात एका नातेवाइकाच्या खोलीबाहेरची गॅलरी, आणि धोबी तलावच्या फुर्टाडोजमधून तारा आणि राळ. स्टुडिओतल्या रांगा तेव्हा बहुतेक गोवेकरांच्या होत्या. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली, मूकपटांच्या पडद्याशी बसली आणि बोलपट आल्यावर स्टुडिओत शिरली. संगीतकार धून गुणगुणायचा आणि तिचे चाळीस जणांत वाटे घालायचे ते अरेंजर. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा हे काम करत. शंकर-जयकिशनच्या गाण्यात व्हायोलिनं एकदम आभाळ उघडल्यासारखी येतात, ती डिसोझांनी कागदावर उतरवलेली असत. मामा त्यांचं नाव घेताना अजूनही, म्हणजे शेवटपर्यंत, खुर्चीत नीट बसायचा.

आणि अँथनी गोन्साल्विस. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे हे नाव देशभर झालं, पण ते एका खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक. गोव्यातल्या माजोर्ड्याचे गोन्साल्विस प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू; शिष्याने त्या गाण्यातून गुरूचं नाव राखलं. १९५८ साली या माणसाने सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराहून अधिक वादक बसवून, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभं करून, रागांवर रचलेलं ऑर्केस्ट्राचं संगीत ऐकवलं. सिनेमाच्या काचेमागच्या वादकांना उजेडात आणून बसवायचं, हा त्यामागचा हट्ट. मामा तेव्हा शाळेत. पण रांगेतले जुने लोक ती संध्याकाळ सांगताना आवाज खाली आणायचे, म्हणे. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले, पुढे गोव्याला परतले आणि २०१२ मध्ये गेले. गाणं अजून वरातीत वाजतं.

सिनेमाबाहेरही मुंबईत ऑर्केस्ट्रे झाले. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याच्या तालमी ऐकत मोठा झालेला त्यांचा मुलगा झुबीन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला. मागोमाग वडीलही देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर ऑर्केस्ट्राचा जीवही. असे वाद्यवृंद बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर चालतात. १९६२ मध्ये जिनी डिनशॉ या पारशी बाईंनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा काढला आणि तो पुढे अनेक वर्षं नेटाने चालवला. मामा काही काळ तिथे दुसऱ्या व्हायोलिनांत बसला. स्टुडिओत तो पोटासाठी जायचा. इथे दुसऱ्याच कशासाठी तरी.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे लहान खोलीत मावेल असा वाद्यवृंद, वीस-तीस जणांचा. तो चालवण्यात संगीताचा भाग थोडा आणि बाकीचाच जास्त, हे मामाने तिथे पाहिलं आणि पुढे भोगलं. प्रत्येक वादकाचे कागद वेगळे. त्यांना पार्ट म्हणतात. ते मिळवायचे, नकलायचे, हरवू द्यायचे नाहीत. कुठे गज वर जाणार आणि कुठे खाली येणार, हे पार्टवर पेन्सिलीने लिहावं लागतं, कारण रांगेतले सगळे गज एकाच दिशेने हलले पाहिजेत. ते केवळ दिसण्यासाठी नव्हे, गज उलटा पडला की सुराचं वजनच बदलतं. ओबो आणि बासून वाजवणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते नौदलाच्या बँडमधून उसने आणायचे, आणि बँडची त्याच दिवशी परेड निघायची. सभागृहाची तारीख मिळाली की एकट्या चेलोवाल्याच्या मुलीचं लग्न. आणि व्हायोला. व्हायोला वाजवणारा कधीच पुरेसा नसतो. हे जगभर असंच आहे, असं मामा ठासून सांगायचा.

मोत्सार्टने १७८७ साली व्हिएन्नात लिहिलेली 'आइन क्लाइने नाख्टम्युझिक' ही त्याची जीव की प्राण. त्यात फक्त तारवाद्यं लागतात, म्हणजे परेडची भीती नाही. सुरुवातीची चार मापं सगळे मिळून एकच धून वाजवतात, आणि मग वाटा फुटतात. "चार मापं मीही हिरो," तो म्हणायचा. "मग कामाला लागतो."

त्याचं काम संपलं, असं त्याला कुणी सांगितलं नाही. निरोप यायचे ते कमी झाले. ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आले आणि नव्वदच्या दशकात एका माणसाच्या दोन हातांखाली अख्खा व्हायोलिनांचा ताफा दबला. तेही धड व्हायोलिन नव्हे. व्हायोलिनांचा धूर म्हणू या. निर्मात्याचे पैसे वाचले, स्टुडिओची जागा वाचली, चहाही वाचला. ज्यांना एकट्याने वाजवता येत होतं ते टिकले, साथीला गेले, शिकवू लागले. ज्यांची सारी तयारी शेजाऱ्यात विरघळण्याची, त्यांना एकट्याने बाजारात काय मांडता येणार? मामाच्या डायरीत त्या वर्षांची कोरी पानं आहेत. तारखा छापलेल्या, खाली काही नाही. मग एका वर्षी 'पंचवटी एक्सप्रेस, सामानासह' अशी नोंद, आणि तिथून पुढे नाशिक.

नाशकात त्याने रविवारी सकाळी वाड्याच्या माडीवर वर्ग सुरू केला. जाहिरात केली व्हायोलिनच्या वर्गाची. मनात होता वाद्यवृंद. चार पहिले, चार दुसरे, दोन व्हायोला, एक चेलो. अकरा माणसं. एवढं माझ्या गावातून निघत नाही का, असं तो विचारायचा, आणि आम्ही हो म्हणायचो, कारण आम्हाला कल्पना नव्हती. मुलं आली. पालकही आले. लंडनच्या परीक्षेचं ग्रेड कधी मिळेल, हा पालकांचा पहिला प्रश्न. सोलो कधी बसवणार, हा दुसरा. माझ्या मुलाला मागे का बसवलं, हा तिसरा, जरा घुश्शातला. मामा त्यांना द्वोर्झाक सांगायचा: एवढा मोठा संगीतकार, पण प्रागच्या नाट्यगृहात वर्षानुवर्षं व्हायोला वाजवत रांगेत बसला होता. शुबर्ट घरच्या चौकडीत व्हायोलाच धरायचा. पालक मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पोराला गिटारच्या वर्गाला घालायचे.

नाशिकची हवाही त्याला साथ देईना. थंडीत पारा घसरला की लाकूड आकसायचं आणि खुंट्या सैल पडायच्या. लावलेली तार तासाभरात ढिली. पावसाळ्यात सरस सुटायचा, आणि एका जुलैत एका मुलीच्या व्हायोलिनची पाठच वेगळी होऊन हातात आली. भाद्रपदात ढोल. नाशिक ढोलाचं नाव आता परदेशातल्या मिरवणुकांत घेतात, त्याचा मला अभिमान आहे. पण गल्लीच्या तोंडाशी पथकाचा सराव चालू असताना माडीवर सात मुलं मोत्सार्टची मंद गत वाजवतायत, हे दृश्य एकदा पाहायला हवं होतं. मामा काही बोलायचा नाही. खिडक्या लावून घ्यायचा आणि मुलांना म्हणायचा, "ऐकू येत नाहीये ना? मग एकमेकांच्या गजाकडे बघा."

पण ढोलांनी त्याचा वाद्यवृंद मोडला नाही, थंडीनेही नाही. तो दहावीने मोडला. आठवीत मूल हाताशी यायचं, नववीत त्याला माप सोडून शेजाऱ्याचं ऐकायचं कळायला लागायचं, आणि दहावीला ते क्लासला जायचं. मग अकरावी, बारावी, प्रवेश परीक्षा, पुणे. कीबोर्डने त्याची एकदाच रोजी घेतली. ही गळती दर जूनला. तो दर जूनला नव्या मुलांना माप मोजायला शिकवायचा.

त्यांचे कार्यक्रम झाले, लहान सभागृहांत. व्हायोला नव्हताच, मोठ्या आकाराच्या व्हायोलिनला व्हायोलाच्या तारा चढवून त्याने एका मुलाला बसवलं, आणि त्या मुलासाठी मोत्सार्टचे पार्ट रात्र रात्र बसून हाताने उतरवले. एकदा त्याने 'गीतरामायणा'तल्या एका चालीचे तीन पदर केले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ती छप्पन्न गाणी झाली, तेव्हा साथीला प्रभाकर जोगांचं व्हायोलिन होतं. जोगांचं व्हायोलिन पुढे 'गाणारं व्हायोलिन' म्हणून ओळखलं गेलं, आणि मामाला त्याचा फार आदर होता. म्हणूनच त्याने ती चाल पहिल्या व्हायोलिनांना पूर्ण दिली नाही. मधेच ती दुसऱ्यांकडे जायची, मग तळाशी चेलोकडे, आणि पुन्हा वर. सभागृहातले आजी-आजोबा ओळखीची चाल आली म्हणून सुखावले आणि ती खाली उतरताच हरवल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. कार्यक्रमानंतर एक वयस्कर गृहस्थ मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार सुंदर. पण मुलांना एकेकट्याला वाजवू द्या की हो." मामा म्हणाला, "पुढच्या वेळी."

२००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. पुढे मी मामाला तिथे ऐकायला नेलं. बरेच वादक परदेशातून आलेले, कझाकस्तानातले पुष्कळ. मामाने पूर्ण वेळ पहिल्या व्हायोलिनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर दुसऱ्या गटातल्या शेवटच्या स्टँडवर. मध्यंतरात म्हणाला, "फार चांगलं वाजवतात. त्या मागच्या मुलीने पान बघितलंस कसं उलटलं?" आणि परतीच्या गाडीत, कसारा ओलांडल्यावर, मला वाटलं झोपला आहे, तेव्हा म्हणाला, "यांच्यातला कुणी उद्या सकाळी दूध आणायला भेटणार नाही, एवढंच." त्या संस्थेवर ती टीका नव्हती, आता तिथे इथल्या मुलांसाठी शाळाही चालते आणि त्याचं त्याला अप्रूप होतं. त्याला हवा होता तो वाद्यवृंद दूध आणायला भेटणाऱ्यांचा होता. गावातला. थोडा बेसूर असला तरी चालेल असा. असं मला वाटतं. त्याने 'थोडा बेसूर चालेल' हे कधी कबूल केलं नसतं.

वर्ग बंद पडला असंही म्हणता येत नाही. मुलं कमी होत गेली, माडीचा जिना त्याला चढवेना, मग तो खाली ओटीवर बसायचा आणि दोघं-तिघं यायची. शेवटी एक. एकटी मुलगी दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट वाजवायची आणि मामा पलंगावर बसून पहिल्याची धून तोंडाने गायचा, खोकल्यात तुटणाऱ्या आवाजात. त्याला गाताना मी तेवढंच ऐकलं.

त्याच्या शोकसभेत पंचाईत झाली. कुणीतरी सुचवलं, त्यांचं काहीतरी वाजवू या. सुचवणाऱ्याचं चुकलं नव्हतं, आपल्याकडे तसंच करतात. पण त्याचं एकट्याचं असं काहीच नव्हतं. एकही ध्वनिमुद्रण नाही, मोबाइलवर धरलेला तुकडासुद्धा नाही. मग आईच्या आग्रहाने ते राज कपूरचं गाणं लावलं. मुखडा सुरू होताच मागच्या ओळीतले दोघे ओठ हलवायला लागले, आणि मधलं म्युझिक आलं, जिथे तो असलाच तर असणार होता, तिथे लोक एकमेकांशी हळूच बोलू लागले. मला राग यायला हवा होता. मी मामीकडे पाहिलं. ती डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मापं मोजत होती; इतक्या वर्षांच्या संसारात तिला तेवढं येऊ लागलं होतं. गायिका परत आली तेव्हा तिने मोजणं थांबवलं.

मला अजून वाटतं की त्या सभागृहात माझ्या आणि मामीच्या वाट्याला आलेलं दुःख वेगळ्या जातीचं होतं. आवाज आठवत नाही अशी तक्रार माणसं करतात, कारण तो कधीतरी वेगळा ऐकलेला असतो. इथे ज्याला आठवायचं, त्याने जन्मभर काळजीपूर्वक स्वतःला ऐकू येऊ दिलं नव्हतं, आणि ते त्याला उत्तम साधलं होतं. मी गाणं लावते, चाळीस जण वाजवतात. त्यातले किती आज आहेत, ठाऊक नाही. एकाला शोधायला जावं तर चाळीसही जणांसाठी बसून राहावं लागतं. कधी कधी मी बसते. कधी कधी चिडून बंद करते.

दिवाळीनंतर ती मुलगी आली, ओटीवर शेवटपर्यंत येणारी. आता पुण्यात नोकरी करते. तिथे रविवारी काही जण जमून वाजवतात, तिला मामाचे मोत्सार्टचे पार्ट हवे होते. मी म्हटलं, झेरॉक्स काढून देते. ती म्हणाली, "छापील पार्ट कुठेही मिळतील, ताई. मला सरांच्या खुणांचे हवेत, आणि झेरॉक्समध्ये पेन्सिल पुसट येते." आम्ही ट्रंक काढली. प्रत्येक पानावर गज वर, गज खाली. काही ठिकाणी आधीची खूण खोडरबराने घासून उलटी केलेली, त्या जागी कागद पातळ झालेला. लांब विश्रांतीच्या मापांवर मराठीत 'मोज', आणि एका ठिकाणी, उजव्या कोपऱ्यात, 'पान लवकर'. मामीने सगळे पार्ट जुन्या साडीच्या कापडात बांधून दिले. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ती माणसं आता पुण्यात त्याच्या खुणांबरहुकूम गज फिरवतात. मुलगी अधूनमधून फोन करते. पहिली पाच आहेत, दुसरी चार, चेलो एक, तोही बरा वाजवतो म्हणे. व्हायोला अजून मिळालेला नाही. तुमच्या ओळखीत कुणी आहे का, म्हणून विचारत होती.